चौथीच्या वर्गात व्हॅन गॉग शिकवताना

एका शिक्षिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या चौथीच्या वर्गात ३८ मुले आहेत, चित्रकलेसाठी ३५ मिनिटांच्या दोन तासिका मिळतात आणि स्नेहसंमेलनाच्या प्रदर्शनासाठी त्यांनी व्हिन्सेंट व्हॅन गॉगचे ‘तारांकित रात्र’ हे चित्र पडद्यावर दाखवून मुलांकडून त्याच शैलीत चित्रे काढून घेतली. सगळी चित्रे जवळजवळ सारखी आली: डावीकडे काळपट झाड, वर भोवरे, खाली घरे. पालकांनी कौतुक केले, पण त्यांचे स्वतःचे समाधान झाले नाही. मोठ्या चित्रकाराची शैली मुलांना खरोखर कशी शिकवावी आणि मुळात या वयात ती शिकवावी का, असे त्या विचारतात.

शिकवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र चित्र सर्वांत शेवटी दाखवावे आणि त्याआधी मुलांचा हात भरपूर चालू द्यावा. गेली चोवीस वर्षे मी प्राथमिक शाळेत चित्रकला शिकवते आहे आणि सुरुवातीची काही वर्षे मीही तेच केले जे तुमच्या वर्गात झाले. फळ्यावर झाडाची आणि डोंगरांची रेघ काढून द्यायची, मुलांनी ती उतरवायची आणि मग आत रंग भरायचा. हा कित्ता गिरवण्याचाच प्रकार होता. अक्षर सुधारण्यासाठी कित्ता चांगला, कारण तिथे सर्वांचा ‘क’ एकसारखा यावा हीच अपेक्षा असते. चित्राच्या बाबतीत ती अपेक्षाच चुकीची आहे.

असे का होते, हे नीट समजून घेतले पाहिजे. नऊ वर्षांच्या मुलाला चित्र दाखवले की त्याला त्यात वस्तू दिसतात. ‘यात काय आहे?’ असे विचारल्यावर ते झाड, चंद्र, घरे, भोवरे अशी यादी सांगते आणि शैली म्हणजे ही यादी, अशी त्याची समजूत होते. व्हॅन गॉगची शैली त्या यादीत नाही. ज्वारीच्या ताटांचे चित्रही त्याच्या शैलीत काढता येते आणि भोवरे काढूनसुद्धा त्याच्या शैलीपासून शंभर कोस दूर राहता येते. कुंचल्याचा प्रत्येक फटकारा त्याने उमटला तसाच राहू दिला, तो घोटून सपाट केला नाही, आणि त्या फटकाऱ्याची दिशा त्या वस्तूच्या वाढण्याशी किंवा हलण्याशी जुळवली. गवताचे फटकारे खालून वर जातात, नांगरलेल्या जमिनीचे दूरवर पळतात, ताऱ्याभोवतीचे त्याला वेढा घालतात. मुलांना शिकवायचे ते एवढेच. पण एवढे शिकवायला दोन तासिका पुरत नाहीत. पाच मागून घ्या. त्या मिळणारच नसतील, तर रंग बाजूला ठेवून पुढे सांगते तो पहिला भाग तेवढा करा.

पहिला भाग बोरूचा, म्हणजे ओढ्याकाठच्या पोकळ गवताची काडी तासून केलेल्या लेखणीचा. हे साधन आपल्याकडे एके काळी प्रत्येक शाळकरी मुलाच्या हातात होते आणि व्हॅन गॉगच्याही हातात होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. दक्षिण फ्रान्समधल्या आर्ल या गावी तो १८८८ च्या फेब्रुवारीत राहायला गेला. त्या भागात उगवणारे बोरू तासून त्याने लेखण्या केल्या आणि त्या लेखण्यांनी आपल्या शेकडो रेषाचित्रांतली काही अत्यंत सुंदर चित्रे काढली. जुलै १८८८ मध्ये आर्लजवळच्या माँमाजूरच्या टेकडीवरून काढलेली त्याची रेषाचित्रे मिळाली तर जवळून पाहा. त्यांत रंग नाही, छाया घोटलेली नाही. आहेत ते फक्त ठिपके, आडव्या तुटक रेघा, बाक दिलेल्या छोट्या रेघा आणि जाळी. पिकलेल्या शेतासाठी एक खूण, झुडपासाठी दुसरी, खडकासाठी तिसरी. त्याच उन्हाळ्यात त्याने आपल्या काही रंगचित्रांवरून बोरूने रेषाचित्रे काढून भावाला, थिओला, पाठवली. रंगाची जागा तिथे खुणांनी घेतली आहे. त्याच्या तैलचित्रांतले फटकारे आणि या खुणा एकाच हाताच्या सवयी आहेत, हे एकदा लक्षात आले की वर्गात सुरुवात कुठून करायची, हा प्रश्नच उरत नाही.

ओढ्याकाठी बोरू मिळाला तर उत्तम. तो शिक्षकानेच घरून तासून आणावा. चाकू वर्गात नको. एक बाजू तिरपी कापायची, टोक दोन-तीन मिलिमीटर रुंद ठेवायचे आणि मधोमध छोटी चीर द्यायची, म्हणजे शाई धरून राहते. बोरू नसेल तर बांबूची काडी किंवा खराट्याचा जाड हीर तिरपा कापून चालतो. शाई साध्या दौतीतली. कागदाच्या तीन घड्या घातल्या की आठ चौकोन पडतात. मग एकेका चौकोनासाठी मी एकेक गोष्ट सांगते: नुकताच नांगरलेला वाफा, शेळीच्या पाठीवरचे केस, विहिरीत दगड पडल्यावरचे पाणी, बाभळीचे खोड, वाऱ्यात झुकलेला ऊस, पाऊस, चुलीतला जाळ, कडक ऊन. अट एकच, वस्तूची बाहेरची रेघ काढायची नाही. शेळी काढायची नाही, तिचे केस काढायचे.

पहिली पाच मिनिटे वर्ग गोंधळतो. ‘बाई, शेळी कुठे काढू?’ असे हमखास विचारले जाते. तेव्हा मी मुलांना हवेत हात फिरवायला लावते. शेळीच्या पाठीवरून हात फिरवताना तो कसा जातो, पाऊस दाखवताना कसा जातो, जाळ दाखवताना बोटे कशी वर उडतात. हाताने जी हालचाल केली तीच आता बोरूने करा, असे सांगितले की वर्गाला वाट सापडते. ऊन कसे काढायचे यावर मात्र कोणाचेही एकमत होत नाही आणि ते व्हायलाही नको. एका मुलीने तो चौकोन जवळजवळ रिकामा ठेवून कडेकडेने बारीक ठिपके दिले आणि ‘मध्ये बघवत नाही’ असे सांगितले. या एका चौकोनात त्या मुलीने जे केले ते त्या वर्षीच्या सगळ्या प्रदर्शनापेक्षा मला मोलाचे वाटले, कारण खूण कशी असावी हे तिने स्वतः ठरवले होते.

या तासाचे कागद टाकू नका. पुढे रंगवताना प्रत्येक मुलाच्या बाकावर त्याचा स्वतःचा आठ चौकोनांचा कागद समोर हवा. संदर्भ म्हणून व्हॅन गॉगचे चित्र नको, हा कागद हवा.

दुसरा भाग रंगांच्या जोड्यांचा, आणि त्यासाठी लोकर आणावी. व्हॅन गॉगजवळ लोकरीच्या गुंड्यांनी भरलेला एक डबा होता. तो आज ॲम्स्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयात आहे. वेगवेगळ्या रंगांचे धागे एकत्र पिळून, कोणता रंग कोणाशेजारी कसा दिसतो हे तो पाहत असे. मुलांना ही गोष्ट विलक्षण आवडते, कारण ती त्यांना लगेच करून बघता येते. निळा आणि नारिंगी, जांभळा आणि पिवळा, लाल आणि हिरवा असे धागे पिळायला द्या आणि नंतर निळ्याबरोबर हिरवा पिळायला द्या. पहिल्या जोड्या डोळ्यांत भरतात, शेवटची शांत होते. विरोधी रंगांचे वर्तुळ फळ्यावर काढून जे समजावायला अर्धा तास लागतो, ते बोटांना दहा मिनिटांत कळते. आजी विणकाम करते असे सांगणारी दोन-चार मुले वर्गात असतातच, तेव्हा लोकर विकत घ्यावी लागत नाही.

आता प्रत्यक्ष रंगकाम. इथे बहुतेक वर्ग फसतात ते साहित्यामुळे, मुलांमुळे नव्हे. व्हॅन गॉगने तैलरंग जाड लावले; आपण पोस्टर रंग पाणी घालून पातळ लावतो आणि मग फटकारा टिकत नाही म्हणून हळहळतो. पोस्टर रंगात पाणी घालूच नका. दोन चमचे रंगात एक चमचा फेव्हिकॉल घालून ढवळले की लोण्यासारखा दाटपणा येतो आणि कुंचल्याच्या केसांच्या रेषा वाळल्यावरही उठून दिसतात. ओला असताना हा रंग फिका भासतो, वाळला की गडद होतो. ही गोष्ट मुलांना आधी सांगा, नाहीतर ती पुनःपुन्हा थर देत बसतात. मैद्याची खळही चालते, पण ती त्याच दिवशी संपवावी लागते. पावसाळी हवेत दुसऱ्या दिवशी तिला वास येतो आणि चित्राला बुरशी धरते.

कागद मोठा देऊ नका. पूर्ण चित्र छोट्या-छोट्या फटकाऱ्यांनी भरायचे असते तेव्हा मोठा कागद मुलाला थकवतो आणि शेवटच्या दहा मिनिटांत ते उरलेली जागा सपाट रंगवून टाकते. सहा बाय आठ इंचांचा पुठ्ठा पुरेसा आहे. मिठाईच्या किंवा चपलांच्या खोक्यांचा पुठ्ठा कापून घ्यावा. चित्रकलेच्या वहीचा पातळ कागद या रंगाने गुंडाळतो आणि वाळल्यावर पापुद्रे सुटतात. कुंचला चपटा, राठ केसांचा, सहा किंवा आठ क्रमांकाचा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कुंचला मुलाचा नसतो, रंगाचा असतो. चार मुलांच्या गटात पाच-सहा वाट्या, प्रत्येक वाटीत तिचाच कुंचला, आणि तो दुसऱ्या वाटीत बुडवायचा नाही. पाण्याचा डबाच ठेवायचा नाही. यामुळे रंगांचा चिखल होत नाही आणि धुण्यात वेळही जात नाही. तास संपल्यावर मात्र कुंचले त्याच मिनिटाला धुवावे लागतात, कारण गोंद वाळला की कुंचला कायमचा गेला. काळा रंग मी वाटीत काढतच नाही. अंधारासाठी गडद निळा आणि गडद हिरवा आहेत, आणि काळा हाताशी नसला की मुले ते शोधून काढतात.

विषय मुलाच्या रोजच्या पाहण्यातला हवा. मी ज्या गावात शिकवते तिथे चहूकडे ऊस आहे, म्हणून माझ्या वर्गात ऊस, पाटाचे पाणी, गुऱ्हाळ आणि पावसाळी आभाळ हे विषय येतात. तुमच्याकडे समुद्र असेल, डोंगर असेल, रेल्वेचा पूल असेल. हालचाल असलेला विषय निवडावा एवढेच पथ्य. गुऱ्हाळावर राबणाऱ्या एका कुटुंबातल्या मुलाने चुलवाणाचा जाळ रंगवला होता. काहील, माणसे, छप्पर यांतले काही त्याने काढले नाही. खाली नारिंगी-पिवळे फटकारे उभे, एकमेकांत घुसलेले, आणि वर निळसर धूर आडवा वळत गेलेला. धुराचे फटकारे आडवे का, असे मी विचारले, तर त्याने सांगितले की संध्याकाळी धूर वर जात नाही, शेतावर पसरतो. जाळाचा आणि धुराचा फटकारा वेगळा असतो हे त्याला मी शिकवले नव्हते. जाळ त्याने रोज पाहिलेला होता आणि बोरूच्या तासाने ते पाहणे हातात उतरवण्याची सोय त्याला करून दिली होती.

रंगवताना दोन तास घ्या आणि मध्ये एक दिवस जाऊ द्या. पहिल्या दिवशी गडद आणि थंड रंग, दुसऱ्या दिवशी वाळलेल्या थरावर उजळ आणि उष्ण रंग. ओल्यावर ओले लावण्याची जी किमया व्हॅन गॉगला साधली ती नऊ वर्षांच्या मुलाकडून मागू नये. पिवळा ओल्या निळ्यावर पडला की हिरवट होतो आणि मूल हिरमुसते.

पाचव्या तासाला चित्र दाखवायचे. आधी सगळे दाखवू नका. जाड कागदात काडेपेटीएवढी खिडकी कापा आणि छापील प्रतीवर ती ठेवून आकाशाचा एक तुकडा दाखवा. मुले आता झाड आणि घरे शोधत नाहीत, फटकारे शोधतात. एका वर्षी एका मुलाने विचारले, ‘बाई, त्याने तारा आतून बाहेर काढला की बाहेरून आत?’ त्याचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही. आम्ही सर्वांनी भिंग घेऊन प्रतीवर कोणता फटकारा कोणावर चढला आहे ते पाहिले. चित्रकलेच्या वर्गात यापेक्षा चांगला प्रश्न मी ऐकलेला नाही.

त्यानंतर पूर्ण चित्र आणि त्याची हकिगत सांगावी. जून १८८९ मध्ये व्हॅन गॉग दक्षिण फ्रान्समधल्याच सँ-रेमी येथील मनोरुग्णालयात होता. पूर्वेकडच्या खिडकीतून सूर्योदयापूर्वी त्याने पहाटेचा तारा पाहिला आणि तो फार मोठा दिसत होता, असे थिओला कळवले. हा तारा म्हणजे आपली शुक्राची चांदणी. पहाटे उठणाऱ्या घरांतल्या मुलांनी ती पाहिलेली असते. चित्र त्याने दिवसा, मनात साठवलेल्या दृश्यावरून रंगवले आणि खालचे गाव खिडकीतून दिसत नसतानाही आपल्या मनाने घातले. आपल्याकडे रेखाकला परीक्षेत जे स्मरणचित्र म्हणून असते त्याच्याशी याचे नाते मुलांना सहज सांगता येते. त्याला स्वतःला हे चित्र विशेष जमले असे वाटले नव्हते, हेही सांगा. स्वतःच्या चित्रावर फुली मारणाऱ्या मुलांना ते ऐकण्याची गरज असते. मूळ चित्र साधारण ७४ बाय ९२ सेंटिमीटरचे आहे आणि १९४१ पासून न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे. हा आकार फळ्यावर खडूने आखून दाखवा. पडद्यावर भिंतभर पाहिलेले चित्र प्रत्यक्षात एवढेच असते, याचे मुलांना मोठे आश्चर्य वाटते.

व्हॅन गॉगने स्वतःचा कान कापला होता, तो विषय निघतोच. तो टाळू नये आणि रंगवूनही सांगू नये. डिसेंबर १८८८ मध्ये तो मनाने फार आजारी पडला, त्या अवस्थेत त्याने स्वतःला इजा केली, मग तो दवाखान्यात राहिला, आणि बरे वाटत असे तेव्हा चित्रे काढत असे. आजाराचा झटका असताना त्याला काम करता येत नसे. एवढे चौथीला पुरते. आजारामुळे चित्रे अशी वळणावळणाची झाली, असे अनेक मोठी माणसे मुलांना सांगतात, त्याचा मात्र मला मनापासून विरोध आहे. ज्या माणसाने खुणांचा इतका विचार केला, धागे पिळून रंग तपासले, २७ व्या वर्षी चित्रकार व्हायचे ठरवून दहा वर्षांत आठशेहून अधिक तैलचित्रे केली, त्याची मेहनत आपण अशा वाक्याने पुसून टाकतो. आजारी माणसाविषयी मुलांच्या मनात भलतीच कल्पना बसते ती वेगळीच.

नक्कल करणे मुळातच वाईट का, हे तुम्ही वेगळे विचारलेले नाही, पण तुमच्या अस्वस्थतेच्या मुळाशी तेच आहे असे मला वाटते. व्हॅन गॉगने स्वतः भरपूर नकला केल्या. १८८७ मध्ये पॅरिसला असताना हिरोशिगे या जपानी चित्रकाराच्या छापचित्रांवरून त्याने तैलचित्रे केली, आणि सँ-रेमीला मिले या फ्रेंच चित्रकाराच्या कृष्णधवल छापांवरून वीसेक चित्रे केली. मिलेच्या छापात रंग नव्हता. रंग याने आपला घातला. वादक जसा दुसऱ्याने रचलेले संगीत आपल्या पद्धतीने वाजवतो तसे हे आहे, अशा आशयाचे त्याने लिहून ठेवले आहे. आपल्याकडे गुरूने दिलेली बंदिश शिष्य आळवतो, तीत शब्द आणि चाल ठरलेली असली तरी विस्तार त्याचा असतो; पालकांना समजावताना मी हेच उदाहरण देते. तेव्हा नक्कल करून घ्यायचीच असेल तर त्याच्या पद्धतीने घ्या. एखाद्या चित्राची फिकी, कृष्णधवल झेरॉक्स मुलांना द्या, मूळ रंग दाखवू नका आणि रंगांच्या जोड्या त्यांना ठरवू द्या. ३८ प्रती एका रेषेच्या असूनही ३८ रंगांच्या होतील.

पहिली-दुसरीसाठी मात्र हा चित्रकार निवडू नका. त्या वयात मनगट इतके वळत नाही आणि जाड रंग अंगभर होतो. त्यांच्यासाठी मातीस या फ्रेंच चित्रकाराने उतारवयात केलेली रंगीत कागद कापून चिकटवायची चित्रे अधिक योग्य. वारली चित्रांचा मोह अनेकांना होतो. पण ती एका समाजाची परंपरा आहे, एका माणसाची शैली नव्हे, आणि गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांचे काम दाखवायचे असेल तर त्या परंपरेतले त्यांचे स्वतःचे काय, हे आधी शिक्षकाने पाहिलेले असले पाहिजे. त्याला वेगळी तयारी लागते.

गुण द्यायचे झाले तर साम्य मोजू नका. मी प्रत्येक मुलाला चित्रातल्या कोणत्याही तीन फटकाऱ्यांवर बोट ठेवायला सांगते आणि ते तसे का दिले हे विचारते. ‘असेच’ हे उत्तर एकदा चालते, तीनदा नाही.

प्रदर्शनात व्हॅन गॉगची छापील प्रत मध्यभागी लावू नका. पाहणारे लगेच तुलना करू लागतात. प्रत्येक चित्राशेजारी त्या मुलाचा आठ चौकोनांचा कागद लावा आणि खाली मुलाच्या हस्ताक्षरात त्याने काय पाहिले ते एका ओळीत लिहू द्या. उन्हाच्या व्हरांड्यात चित्रे लावायची वेळ आली तर मावळतीची भिंत टाळा. व्हॅन गॉगने आपल्या खोलीच्या चित्रातल्या भिंती फिकट जांभळ्या असल्याचे लिहिले होते; त्यातला लाल रंग प्रकाशाने उडाला आणि आज त्या निळ्या दिसतात. पोस्टर रंगातला गुलाबी आणि जांभळा तर आठ-पंधरा दिवसांच्या उन्हातच फिका पडतो आणि चित्र घरी नेताना मुलाच्या ते लगेच लक्षात येते.